पपईचा पाला आणि पेशींचा आकडा

दरसाल भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास आमच्या युनियनच्या कचेरीत मजुरीच्या आणि बोनसच्या तक्रारींबरोबर आणखी एक विचारणा सुरू होते. पपईचा पाला कोठे मिळेल? कोणाच्या परसात झाड आहे? घरात कोणी डेंग्यूने अंथरूण धरलेले असते, रक्ताच्या तपासणीचा कागद हातात असतो आणि त्यावरच्या एका आकड्याखाली रेघ मारलेली असते. पेशी कमी झाल्या आहेत. शेजारच्या मावशींनी सांगितलेले असते, की पपईच्या पानांचा रस दिला म्हणजे पेशी वाढतात. औषधांच्या दुकानांत आता त्याच पाल्याच्या अर्काच्या गोळ्या मिळतात आणि कित्येक डॉक्टर त्या लिहूनही देतात. तेव्हा हा विषय आता निव्वळ आजीबाईच्या बटव्यातला राहिलेला नाही.

आम्ही वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. परंतु आमचा बहुतेक जन्म आकड्यांशी झगडण्यात गेला आहे. मालकाच्या ताळेबंदातला कोणता आकडा खरा, कोणता दाखवण्यापुरता, आणि ज्या आकड्यावरून भांडण चालले आहे तो वाढल्याने मजुराच्या ताटात काही पडणार आहे की नाही, हे तपासून पाहण्याची सवय त्यातून लागली. त्याच नजरेने पपईच्या पाल्यासंबंधी जे छापून आले आहे ते आम्ही मिळवून वाचले. समजले नाही तेथे समजणाऱ्यांना विचारले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो.

प्रथम रोगाविषयी थोडे. डेंग्यू हा विषाणूचा रोग असून एडिस जातीचा डास तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोचवतो. हा डास बहुधा दिवसा चावतो आणि अंडी घालावयास त्याला गटार लागत नाही; घरातले साठवणीचे स्वच्छ पाणीच त्याला आवडते. ज्या गावात नळाला दोन-दोन, तीन-तीन दिवसांआड पाणी येते तेथे पिंपे आणि हौद भरून ठेवल्यावाचून बायाबापड्यांना गत्यंतर नसते. म्हणजे पाण्याची टंचाई आणि डेंग्यू ही एकाच घरातली भावंडे होत. आपल्या देशात या रोगाचे रक्तस्रावी रूप १९६३-६४ साली कलकत्त्याच्या साथीत प्रथम ठळकपणे नोंदले गेले. १९९६ साली दिल्लीच्या साथीत १० हजारांवर लोक आजारी पडले आणि ४०० च्या वर दगावले. विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाचा आजार होऊन गेला, की त्या प्रकारापुरते संरक्षण मिळते. पण पुढे दुसऱ्या प्रकाराने गाठले, तर दुखणे पहिल्याहून जड जाण्याचा संभव अधिक. विषाणूवर नेमके लागू पडणारे औषध आजही नाही, आणि जेथे नेमके औषध नसते तेथे अंदाजी औषधांना ऊत येतो.

आता पेशींकडे येऊ. आपल्याकडे सर्रास ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ असे म्हणतात. डेंग्यूत पांढऱ्या पेशीही उतरतात हे खरे; परंतु ज्या आकड्याने घराची झोप उडते तो प्लेटलेटचा असतो. पुस्तकी मराठीत त्यांना बिंबिका असे गोड नाव आहे, पण दवाखान्यात ते उच्चारले तर कोणी ओळखणार नाही. म्हणून आम्हीही प्लेटलेटच म्हणू. रक्तवाहिनीला कोठे भोक पडले, की तेथे गर्दी करून बूच मारणे हे यांचे काम. हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत काही मोठमोठ्या पेशी असतात, त्यांचे तुकडे सुटून या तयार होतात. निरोगी माणसाची मज्जा रोज सुमारे १० हजार कोटी प्लेटलेट रक्तात सोडते, आणि त्यांतली प्रत्येक आठ-दहा दिवस टिकते. एक घन मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढ्या रक्तात त्या दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत असतात.

विषाणू शरीरात शिरला, की पहिल्या काही दिवसांत मज्जेचे कामच मंदावते. कारखाना दोन पाळ्यांवरून अर्ध्या पाळीवर येतो म्हणा ना. शिवाय विषाणूशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिद्रव्ये तयार करते त्यांतली काही प्लेटलेटनाही चिकटतात आणि त्या वेळेआधीच मोडीत निघतात. उत्पादन घटले आणि मोडतोड वाढली, की गोदामातला माल उतरणारच. आजाराच्या साधारण पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास आकडा तळाला जातो. मग विषाणूचा जोर ओसरतो, मज्जा पुन्हा सगळ्या पाळ्या चालू करते आणि आकडा वर चढू लागतो. दोन-तीन दिवसांत तो दुप्पट-तिप्पटही होतो. कोणी काहीही दिले नाही, तरी होतो.

सारा घोळ या शेवटच्या वाक्यात आहे. घरची माणसे रस केव्हा देतात? पहिल्या दिवशी नुसता ताप असतो तेव्हा पपईची आठवण कोणालाही होत नाही. आकडा ५०-६० हजारांवर आला, की धावपळ सुरू होते. आणि ती वेळ नेमकी आकडा आपणहून फिरण्याची असते. त्या दिवशी पपईचा रस दिला तर पपईला यश, बकरीचे दूध दिले तर बकरीला, किवीचे महागडे फळ दिले तर किवीला. गावात डेंग्यू आला, की बकरीच्या दुधाचा भाव कोठल्या कोठे जातो हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. संप मिटल्याच्या दिवशी कामावर रुजू झालेला मॅनेजर पुढच्या महिन्याचे वाढलेले उत्पादन आपल्या कर्तबगारीच्या खाती मांडतो, तसलाच हा प्रकार.

पपईच्या पाल्याची कीर्ती दूरवर पसरली त्याच्या मुळाशी असाच एक दाखला आहे. २०११ साली पाकिस्तानातल्या काही संशोधकांनी एका, होय, एकाच रोग्याची हकिगत प्रसिद्ध केली. ४५ वर्षांचा गृहस्थ. त्याला पानांचा अर्क २५ मिलिलिटर याप्रमाणे दिवसातून दोन वेळा पाच दिवस दिला, आणि प्लेटलेट ५५ हजारांवरून १ लाख ६८ हजारांवर गेल्या. पाच दिवसांत! वाचणाऱ्याला वाटावे, केवढा हा चमत्कार. पण अर्क दिला नसता तर पाचव्या दिवशी आकडा किती झाला असता, हे त्या एका माणसावरून सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसावर एकाच वेळी करून पाहण्याची सोय देवाने ठेवलेली नाही.

मग सोय कोणती? ती आमच्या धंद्यातल्या कोणाही मजुराला समजेल. नवे वंगण आणले आणि त्याने माग हलका चालतो असे विकणारा म्हणाला, तर शहाणा जॉबर काय करील? एकाच शेडमधले, एकाच सुताचे, एकाच बनावटीचे वीस माग घेईल. चिठ्ठ्या टाकून दहांना नवे वंगण देईल, दहांना जुनेच. आणि कोणत्या मागाला कोणते दिले ते कापड मोजणाऱ्याला सांगणार नाही. चिठ्ठ्या अशासाठी, की चांगले माग निवडून नव्या वंगणाला देण्याचा मोह कोणालाही होतो. मोजणाऱ्याला न सांगणे अशासाठी, की नव्याकडे कल असला म्हणजे मोजपट्टी नकळत सैल पडते. औषधाची खरी चाचणी म्हणजे एवढेच. एका गटाला औषध, दुसऱ्याला तसलीच दिसणारी पोकळ गोळी, आणि कोणाला काय दिले ते शेवटपर्यंत गुपित.

अशा चाचण्या पपईच्या पाल्याच्या झाल्या आहेत आणि त्यांची हेटाळणी करण्याचे कारण नाही. मलेशियात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २२८ रोगी होते. निम्म्यांना रोज ५० ग्रॅम ताज्या पानांचा रस सकाळच्या न्याहारीनंतर, असा तीन दिवस दिला. बाकीच्यांना नेहमीचे उपचार तेवढे दिले. रस घेणाऱ्यांचा आकडा दोन दिवसांत अधिक वेगाने चढला, आणि प्लेटलेटशी संबंध असलेली दोन जनुके त्यांच्या रक्तात अधिक जोराने काम करताना आढळली. यात एक उणीव होती. कडू रसाची नक्कल करणे अवघड, त्यामुळे कोण रस घेतो आहे हे रोग्यालाही ठाऊक आणि डॉक्टरलाही. ती उणीव भरून काढणारी, पोकळ गोळ्या वापरून केलेली ३०० रोग्यांची चाचणी आपल्या देशात पाच ठिकाणी झाली आणि २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातही अर्काच्या बाजूने कौल पडला. पुढे निरनिराळ्या देशांतल्या लहानमोठ्या चाचण्या एकत्र करून पाहणारे लेखही निघाले. सर्वांचा सूर साधारण एकच: आकडा थोडा लवकर चढतो असे दिसते, पण चाचण्या लहान आहेत, काही सदोष आहेत.

म्हणजे पाल्यात काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि आम्ही तसे म्हणणार नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. आकडा चढला, त्याने माणूस वाचला का?

वेतन करारावर सही करताना आम्ही दरातली वाढ वाचून थांबत नाही. महिनाअखेर हातात किती पडणार ते विचारतो. दर वाढवून कामाचे दिवस कमी केले, तर कागदावरची वाढ कागदावरच राहते. वर सांगितलेल्या चाचण्यांत बहुतेक ठिकाणी मोजला गेला तो प्लेटलेटचा आकडा. रक्तस्राव कमी झाले, कमी माणसे अत्यवस्थ झाली, कमी मेली, असे सिद्ध करण्याइतके त्यांतून काही हाती येत नाही. ज्यांची प्रकृती फार बिघडली आहे असे रोगी अशा चाचण्यांत बहुधा घेतलेलेच नसतात. काही ठिकाणी रुग्णालयातला मुक्काम थोडा कमी झाला असे लिहिले आहे. पण घरी सोडण्याचा निर्णयच जर पुष्कळदा प्लेटलेटचा आकडा पाहून होत असेल, तर आकडा लवकर चढलेल्यांना लवकर सोडले यात नवल ते काय?

आणि आकड्याचाही एवढा भरवसा धरू नये. मोजणी यंत्राने होते; नळीतल्या रक्तात प्लेटलेटचे पुंजके झाले, तर यंत्र त्यांना धरत नाही आणि आकडा उगाच खाली दिसतो. अशा वेळी काचेच्या पट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. सकाळी एका प्रयोगशाळेत ४२ हजार आणि दुपारी दुसऱ्या प्रयोगशाळेत ५५ हजार निघाले, म्हणजे मधल्या वेळेत घेतलेल्या रसाने १३ हजार वाढले असे होत नाही.

आता जी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, आणि जी आमच्या वस्तीत सर्वांत कमी ठाऊक आहे, ती सांगतो. डेंग्यूत माणूस जातो तो मुख्यत्वे प्लेटलेट कमी झाल्याने नव्हे. तो जातो रक्तवाहिन्या पाझरू लागल्याने. नव्या माठातून पाणी झिरपावे त्याप्रमाणे रक्तातला पातळ भाग वाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर, पोटात आणि छातीत झिरपतो. आत उरलेले रक्त घट्ट होते. तपासणीच्या कागदावर हिमॅटोक्रिट म्हणून जो आकडा असतो तो चढू लागतो. वाहिन्यांत द्रव कमी पडल्याने रक्तदाब उतरतो, हातपाय गार पडतात, लघवी होत नाही, आणि वेळेवर शिरेतून द्रव मिळाला नाही तर काही तासांत सारे आटोपते. मोठे रक्तस्राव होतात तेही बहुधा अशा खचलेल्या अवस्थेनंतर. हा पाझर एक-दोन दिवस चालतो आणि मग आपोआप थांबतो. तेवढा काळ डोळ्यांत तेल घालून सांभाळला, की माणूस तरतो. योग्य वेळी योग्य उपचार मिळाले तर मृत्यू शंभरात एकाहूनही कमी.

हा पाझर सुरू केव्हा होतो? बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरतो त्या वेळी. आम्ही मुद्दाम पुन्हा लिहितो: ताप उतरतो त्या वेळी. ज्या सकाळी कपाळ गार लागले म्हणून घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात, त्या सकाळपासून खरा पहारा सुरू करावयाचा असतो.

आमच्या एका मागवाल्या सोबत्याची गोष्ट यासाठी सांगण्याजोगी आहे. ताप चढून चार दिवस झाले होते. आदल्या दिवशी प्लेटलेट १ लाख १० हजार होत्या, त्या दिवशी ९० हजार. ‘अजून लाखाच्या आसपास आहेत, घाबरण्याचे कारण नाही,’ असे सर्वांनी ठरवले. वहिनींनी पहाटे कोठून तरी पपईची पाने मिळवली, मिक्सरमधून काढून, फडक्यातून पिळून पाव पेला रस दिला. दुपारी ताप उतरला. त्याला उलट्या होऊ लागल्या, तर ‘रस फार कडू असतो हो, पोटात टिकत नाही,’ असे म्हणून पुन्हा थोडा दिला. पोटात दुखते म्हणाला, तेही रसावर गेले. संध्याकाळी चहा घेऊन आलेल्या धाकट्या भावाने हात हातात घेतला, तो बर्फासारखा गार. ‘वहिनी, दादाचा हात बघा’ एवढेच तो बोलला. रिक्षात घालून नेले. सुदैवाने जेथे नेले तेथे रात्रपाळीच्या डॉक्टरीणबाई जाग्या आणि जाणत्या होत्या. त्यांनी प्लेटलेटचा कागद बाजूला ठेवून आधी रक्तदाब पाहिला, हिमॅटोक्रिट पाहिले आणि सलाइन सुरू केले. सोबती वाचला. आज तो चार माग चालवतो. त्या दिवसांत त्याच्या प्लेटलेट ६० हजारांखाली कधीच गेल्या नाहीत.

रसाने त्याला अपाय केला असे आमचे म्हणणे नाही. परंतु उलट्या आणि पोटदुखी या डेंग्यूतल्या धोक्याच्या घंटा होत, आणि पपईचा कच्चा रस स्वत:च मळमळ आणि उलट्या आणू शकतो. घंटा कोण वाजवतो आहे, रोग की रस, हे घरात बसून कळत नाही. ज्या रोग्याच्या अंगातले पाणी टिकवावयाचे आहे त्याला ओकारी आणणारी वस्तू द्यावी काय, हाही विचार करण्यासारखा आहे. गरोदर बाईला तर पपईचा पाला किंवा चीक देऊच नये, हे आपल्याकडच्या जुन्या बायाही सांगतात आणि त्यांचे भय निराधार नाही. पानांत कार्पेन नावाचे एक द्रव्य असते. जनावरांवरच्या प्रयोगांत मोठ्या मात्रेत त्याने हृदयाची गती मंदावलेली आढळली आहे. परसातल्या पानात ते किती, कोवळ्यात किती, जून पानात किती, याचे मोजमाप घरच्या मिक्सरपाशी होत नाही. ‘पाला आहे, अपाय काय करणार?’ हा युक्तिवाद कण्हेरीच्या पाल्यालाही लागू पडतो.

पपईच्या जोडीला गुळवेलीचा काढाही पुष्कळ घरांत देतात. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रोग्यांची हकिगत प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, आणि तो वाद आम्ही येथे मिटवू शकत नाही. पण डेंग्यू यकृतालाही सुजवतो. सुजलेल्या यकृतावर कसलाही काढा ओतण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे एवढे तरी त्यातून निघतेच.

आमच्यावर कोणी असा आरोप करील, की हे देशी औषधांचे द्वेष्टे आहेत. म्हणून दोन शब्द. पपई ही मुळी या देशाची नव्हे. ती मध्य अमेरिकेतली. सोळाव्या शतकात स्पॅनिश आणि पोर्तुगीज गलबतांमागून पूर्वेकडे आली. गोव्यात काही वर्षे राहून गेलेल्या लिन्स्खोटेन या डच गृहस्थाने १५९६ साली छापलेल्या आपल्या प्रवासग्रंथात, हे फळ स्पॅनिशांच्या मुलुखातून मलाक्कामार्गे आल्याचे नमूद केले आहे. तेव्हा ‘चरकाच्या काळापासून चालत आलेला उपाय’ असे पपईविषयी जे सांगतात त्यांनी चरकाला पपई दाखवली कोणी तेही सांगावे. आणि देशी वनस्पतीची कदर कशी करावी याचा धडा मुंबईतच घालून दिलेला आहे. सर्पगंधेची मुळी आपले वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन, मोजून, टिपणे ठेवून १९४९ साली विलायतेतल्या हृदयरोगाच्या मासिकात निबंध लिहिला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वळवले. चीनमध्ये तू यूयू या बाईंनी एका रानटी झुडपातून हिवतापाचे औषध वेगळे काढले. त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या दोघांनी पाल्याची पूजा केली नाही, परीक्षा घेतली. पपईची परीक्षा अर्धी झाली आहे. पेपर फुटण्याआधीच निकाल लावून गोळ्यांच्या पट्ट्या दुकानात लटकल्या, एवढेच आमचे गाऱ्हाणे.

आकड्याच्या या भीतीची दुसरी बाजू आणखी खर्चिक आहे. आकडा २०-२५ हजारांवर आला, की नातेवाईक प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी रक्तपेढ्या पालथ्या घालतात. एका रक्तदात्याच्या रक्तातून निघालेल्या पिशवीने आकडा पाच-दहा हजारांनी वाढतो. म्हणून एका वेळी चार-सहा पिशव्या लागतात. यंत्रावर एकाच दात्याकडून काढलेली मोठी पिशवी घ्यावी, तर तिची किंमत मजुराच्या महिन्याच्या कमाईला भारी पडते. गळ्यातले गहाण टाकून पिशव्या आणलेली घरे आम्हाला ठाऊक आहेत. आणि डेंग्यूत बाहेरून घातलेल्या प्लेटलेटही फार टिकत नाहीत. आधीच्या ज्या वाटेने गेल्या त्याच वाटेने जातात. सिंगापूर आणि मलेशिया येथे ३७२ प्रौढ रोग्यांवर केलेली एक मोठी चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. सर्वांचा आकडा २० हजार किंवा त्याखाली होता, पण मोठा रक्तस्राव कोणाला नव्हता. निम्म्यांना प्लेटलेट दिल्या, निम्म्यांना दिल्या नाहीत. रक्तस्राव दिलेल्यांत शंभरी २१ जणांना झाला, न दिलेल्यांत २६ जणांना. हा फरक योगायोगाने पडण्याइतकाच होता. पिशव्यांचे अनिष्ट परिणाम मात्र दिलेल्यांत १३ आणि न दिलेल्यांत २. आपल्या सरकारच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेतही, रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या खाली गेल्यावर प्लेटलेट देण्याचा विचार करावा असे आहे. प्रत्यक्ष रक्त वाहत असेल, किंवा डॉक्टरांना दुसरे काही कारण दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे आम्ही बोलणार नाही.

मग घरात काय करावयाचे? तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढतो. दुकानदाराने दिलेली ‘स्ट्राँग गोळी’ बहुधा यांतलीच असते. साखर-मिठाचे पाणी, पेज, ताक, शहाळे, जे टिकेल ते थोडे थोडे, सारखे. ताप उतरल्यावर दोन दिवस घरातल्या एका माणसाने शेजारी बसावे आणि एवढे पाहावे: पोटात सारखे दुखते का, उलट्या थांबत नाहीत का, नाकातून-हिरड्यांतून रक्त येते का, शौच काळे होते का, माणूस सुस्त किंवा उगाच अस्वस्थ आहे का, हातपाय गार आहेत का, चार-सहा तासांत लघवी झाली का. यातले एकही उलटे दिसले, तर प्लेटलेट किती आहेत हे न विचारता दवाखाना गाठावा. सलाइनही किती द्यावयाचे हे जाणत्यानेच ठरवावे लागते, कारण पाझर थांबल्यावर तेच पाणी परत रक्तात येते आणि जादा झालेले फुप्फुसात साचते. घरच्या घरी कंपाउंडरकडून ‘दोन बाटल्या चढवून घेणे’ हा म्हणून धोक्याचा मार्ग आहे.

आणि पपईचा रस? डॉक्टरांनी पाहिलेला, उलट्या नसलेला, पोटात पाणी टिकत असलेला मोठा माणूस असेल आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिली असेल, तर त्यांच्याशी हुज्जत घालण्याचे कारण नाही. पण त्या रसाच्या भरवशावर पहारा ढिला करू नये, आणि पाला शोधण्यात जो माणूस दिवसभर गावभर फिरतो त्याने तो दिवस रोग्याच्या उशाशी घालवलेला बरा.

ते उशाशी बसणे मात्र बोलण्याइतके सोपे नाही. यंत्रमागावरची मजुरी कापडावर. खाडा झाला की पैसा नाही. बहुसंख्य मजुरांचे नाव पटावर नसल्याने ईएसआयचे कार्ड नाही, म्हणजे आजारपणाची भरपाईही नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला, की मेहताजींचा निरोप येतो, ‘ताप गेला ना? मग उद्या पाळीला ये, माग रिकामा आहे.’ मजूरही जातो. पाठीमागे बदली कामगार उभा असतो आणि माग गेला तर पुन्हा मिळेल याची खात्री नसते. म्हणजे ज्या दोन दिवसांत माणसाला पाण्याजवळ आणि माणसांजवळ ठेवावयाचे, नेमके तेच दोन दिवस तो शेडच्या उकाड्यात बारा तास उभा राहून काढतो. पपईचा पाला आमच्या वस्तीत एवढा लोकप्रिय का, याचे आम्हाला सापडलेले एक कारण हेही आहे: तो फुकट मिळतो आणि पाळीवर जाण्यापूर्वी घेता येतो.

म्हणून यंदाच्या मागणीपत्रात आम्ही एक कलम घातले आहे. डेंग्यूचे निदान झालेल्या मजुराला ताप उतरल्यापासून तीन दिवस कामावर बोलावू नये, त्या दिवसांची सरासरी मजुरी द्यावी आणि त्याचा माग दुसऱ्याच्या नावे करू नये. सोबत आणखी एक बारीकशी मागणी आहे: शेडमागच्या हौदाला झाकण, आणि आठवड्यातून एकदा तो रिकामा करून कडा घासण्यासाठी एक माणूस, कारण डासाची अंडी कडांना चिकटून असतात आणि नुसते पाणी ओतून जात नाहीत. हौदाचे मालक मंडळींनी लगेच मान्य केले. मजुरीच्या कलमावर, ताप नेमका केव्हा उतरला हे कोणी ठरवावयाचे, असा त्यांचा आक्षेप आहे. थर्मामीटर युनियन आणील, असे आम्ही कळवले आहे. पुढची बैठक मृगापूर्वी व्हावयाची आहे.